जोराच्या वाऱ्यात छोट्या विमानाचं उड्डाण : कधी थांबायचं आणि निघायचंच तर कसं

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात शायेन नावाचं शहर आहे. ११ एप्रिल १९९६ च्या सकाळी ८ वाजून २४ मिनिटांनी तिथल्या विमानतळावरून एका इंजिनाचं सेस्ना १७७बी कार्डिनल उडालं. आत तिघं होती : सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि तिचा फ्लाइंग इन्स्ट्रक्टर. सगळ्यांत लहान वयात अमेरिका आरपार ओलांडायची, असा त्यांचा बेत होता. आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातून ते निघाले होते. ठिकठिकाणी वार्ताहर भेटत होते आणि पुढच्या मुक्कामांच्या मुलाखती ठरून गेल्या होत्या. त्या सकाळी पाऊस सुरू झाला होता आणि वादळ विमानतळाकडे सरकत होतं. त्यांना धावपट्टी ३० मिळाली. टॉवरने सांगितलेला वारा होता २८० अंशांवरून २० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), झोत ३० नॉटांपर्यंत. विमान उठलं, पण चढेना. नाक वर, पंख डगमगताहेत, अशा अवस्थेत ते हळूहळू उजवीकडे वळलं आणि काहीशे फुटांवरून स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, वस्तीतल्या रस्त्यावर कोसळलं. तिघांपैकी कुणीही वाचलं नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीसमोर मी हे आकडे फळ्यावर लिहितो आणि एकच प्रश्न विचारतो : क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला बाजूने लागणारा वारा, किती होता? धावपट्टी ३० म्हणजे ३०० अंशांची, वारा २८० वरून, म्हणजे कोन २० अंशांचा. ३० नॉटांच्या झोताचा तिसरा हिस्सा धरला तर साधारण १० नॉट. सेस्ना १७२ च्या पुस्तकात १५ नॉटांचा आकडा आहे. वर्गातून हमखास उत्तर येतं, "सर, लिमिटमध्ये आहे की!"

हे उत्तर बरोबर आहे, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला. जोराच्या वाऱ्यातल्या उड्डाणाबद्दल आपण मुलांना क्रॉसविंडचं गणित शिकवतो, पेडल कसं दाबायचं ते शिकवतो आणि तिथेच थांबतो. क्रॉसविंडचा आकडा हा चार प्रश्नांपैकी एक आहे. झोत आणि सरासरी वारा यांत फरक किती, विमान किती जड आहे आणि हवा किती पातळ, चाकं सुटल्यावर पहिल्या पाचशे फुटांत वारा काय करणार आहे, हे उरलेले तीन. चारही प्रश्नांची उत्तरं इंजिन सुरू करण्याआधी मिळालेली असली पाहिजेत. धावपट्टीवर थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे ढकलल्यानंतर विचार करायला वेळ नसतो.

खाली जे लिहितोय ते नाकाखाली चाक असलेल्या, एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांसाठी आहे. आकडे सेस्ना १७२ एस आणि १५२ चे आहेत. तुमचं विमान वेगळं असेल तर त्याच्या पुस्तकातले आकडे घ्या. शेपटीखाली चाक असलेल्या विमानांची गोष्ट वेगळी आहे. ती इथे घेत नाही.

आधी वारा नीट वाचा

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या नियमित हवामान अहवालात, वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. टॉवर रेडिओवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून, आणि धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीयच. महाराष्ट्रात या दोन उत्तरांमध्ये जेमतेम अंशभराचा फरक आहे, त्यामुळे इथे शिकलेल्या मुलांना ही गोष्ट कधी जाणवतच नाही. पण आपली बरीच मुलं उड्डाणाचे तास पूर्ण करायला अमेरिकेत, कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत जातात. तिथे हा फरक दहा-वीस अंशांचाही असू शकतो. कागदावरचा वारा आणि टॉवरचा वारा एकमेकांत मिसळू नका.

दुसरं म्हणजे, मेटारमधला वारा सरासरी असतो. आपल्याकडे ती दहा मिनिटांची सरासरी असते, आणि झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा अधिक असेल तरच त्याचा आकडा वेगळा लिहिला जातो. म्हणजे "१५ नॉट" एवढंच लिहिलेलं असलं तरी मधूनमधून २३-२४ चा झोत येत असेल आणि कागदावर त्याचा मागमूसही नसेल. म्हणून एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभे राहून पाच मिनिटं नुसता विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) पाहा. अमेरिकी मापाचा विंडसॉक साधारण १५ नॉटांना पूर्ण ताठ होतो. तो ताठ झाल्यावर वारा १५ आहे की ३० हे त्यावरून कळत नाही, मात्र तो किती वेळा सैल पडतो आणि किती झटक्याने पुन्हा ताठतो, किती डावी-उजवीकडे फिरतो, हे कळतं. मला आकड्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं वाटतं. ताठ आणि स्थिर विंडसॉक एका अर्थी प्रामाणिक असतो. उसळणारा, मान फिरवणारा विंडसॉक दिसला की मी सोलोचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या उड्डाणाचं, नाव खोडतो.

तिसरी गोष्ट जागेची. वाऱ्याचं माप जमिनीपासून १० मीटरवर घेतात. तुम्ही अर्ध्या मिनिटात १०० मीटरवर पोचलेले असता आणि तिथला वारा सहसा खालच्यापेक्षा जोराचा असतो. वाऱ्याच्या बाजूला हँगर असेल, झाडांची रांग असेल, टेकडी असेल, तर धावपट्टीचा तेवढा तुकडा आडोशाला येतो. तिथे वारा पडल्यासारखा वाटतो, आणि आडोसा संपला की बाजूने अचानक धक्का बसतो. आपल्या धावपट्टीवर असा तुकडा कुठे आहे ते शांत दिवशी चालत जाऊन बघून ठेवा.

आपल्या पठारावर एप्रिल-मे मध्ये वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी सहा-सात वाजता विंडसॉक लोंबकळत असतो. अकराच्या पुढे जमीन तापते, वावटळी उठायला लागतात. दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. या ढगाखालून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. पाऊस अजून चार-पाच कोस लांब असतो आणि ही हवा तुमच्या धावपट्टीवर आलेली असते. क्षितिजावर धुळीची तपकिरी भिंत दिसली, एकदम गारवा जाणवला, वाऱ्याची दिशा मिनिटभरात उलटली, तर याचा अर्थ तोच. अशा वेळी "पाऊस पोचायच्या आत निघून जाऊ" हा हिशेब सपशेल चुकीचा असतो, कारण घातक भाग पावसाच्या पुढे चालतो. शायेनलाही वादळाच्या आधी निसटण्याचीच घाई होती.

आता गणित

क्रॉसविंड काढायला घड्याळाची युक्ती पुरते. धावपट्टी आणि वारा यांच्यातल्या कोनाचे अंश म्हणजे घड्याळातली मिनिटं समजा. १५ अंश म्हणजे पाव तास, तर वाऱ्याचा पाव हिस्सा बाजूने लागतो. २० अंशांना तिसरा हिस्सा, ३० ला निम्मा, ४० ला दोन तृतीयांश, ४५ ला पाऊण. ६० आणि त्यापुढे पूर्ण वारा बाजूनेच धरायचा. काटेकोर साइनच्या कोष्टकाशी ताडून बघितलं तर मोठ्या कोनांना ही युक्ती थोडा जास्त आकडा देते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होते.

एक उदाहरण सोडवू. समजा जुहूची धावपट्टी २६. वारा २२० अंशांवरून १८ नॉट, झोत २८. कोन ४० अंश, म्हणून दोन तृतीयांश. सरासरी वाऱ्यावर क्रॉसविंड १२ नॉट येतो, झोतावर १८ ते १९. सेस्ना १७२ साठी दाखवून दिलेला क्रॉसविंड १५ नॉट आहे, १५२ साठी १२. सरासरी धरली तर १७२ आरामात निघेल असं वाटतं. झोत धरला तर ती आकड्याच्या पार बाहेर आहे. माझा नियम साधा आहे : हिशेब नेहमी झोतावर करायचा. विमान उलथतं ते सरासरीने नाही. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा २० वरून ३० झाला तर वेग दीडपट होतो, पण पंखाखाली शिरणारा जोर सव्वादोन पट होतो.

"दाखवून दिलेला" हा शब्दही समजून घ्या, कारण त्याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. प्रमाणपत्र घेताना कंपनीच्या कसलेल्या वैमानिकाने त्या वाऱ्यात विमान उतरवून आणि उडवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तकात मर्यादा म्हणून वेगळं लिहिलं नसेल तर तो कायदेशीर बंदीचा आकडा नसतो. म्हणून काही जण तो ओलांडायला मोकळे होतात. पण तो आकडा ज्या हातांनी गाठला ते हात तुमचे नाहीत, ही दुसरी बाजू विसरली जाते. ज्याची क्रॉसविंडमधली दहा उड्डाणंही झालेली नाहीत त्याने १५ हा आकडा आपला समजू नये. इन्स्ट्रक्टरबरोबर शेवटचा कितीचा क्रॉसविंड व्यवस्थित हाताळला, ते लॉगबुकात लिहीत जा. तीच तुमची आजची मर्यादा. तुमच्या शाळेच्या मॅन्युअलमध्ये सोलोसाठी याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा.

आता झोत आणि सरासरी यांच्यातला फरक. १७२ एस चं नाक आपण ५५ नॉटांना उचलतो. पूर्ण वजनाला, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या, उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) न घेता, ती ४८ नॉटांना स्टॉल होते. मधलं अंतर ७ नॉटांचं. समजा समोरून ३० चा झोत असताना तुम्ही ५५ ला उचललंत आणि पुढच्या सेकंदाला झोत ओसरून वारा २० झाला. विमानाचं वजन तेवढ्या वेळात वेग पकडू देत नाही. हवेतला वेग १० नॉटांनी पडला, तुम्ही ४५ वर आलात. नाक वर आहे, खाली धावपट्टी दहा फुटांवर आहे आणि पंख उचलायचं थांबला आहे. म्हणून झोतात नाक उशिरा उचलायचं : झोत आणि सरासरी यांच्यातल्या फरकाचा निम्मा आकडा नेहमीच्या वेगात मिळवायचा. इथे ५ मिळवून ६०. फरक १५ च्या वर गेला तर मी हे गणित करतच नाही, विमान हँगरमध्ये ठेवतो. शायेनला त्यांच्या आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने वेग १५ नॉटांनी वर-खाली होतोय असं रेडिओवर कळवलं होतं. ती बातमी टॉवरने पुढे पोचवलीही होती. पुढच्या माणसाचा असा निरोप आला की तो हवामानखात्याच्या कुठल्याही कागदापेक्षा मोलाचा समजा.

वजन आणि उन्हाळा

शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फुटांवर आहे. एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेच्या हिशेबाने त्या वेळी हवेची विरळता ६,६७० फुटांवर असावी तेवढी होती आणि विमानात परवानगीपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो वजन जास्त होतं. ४४ किलो म्हणजे फार नाही असं वाटेल. दोन सूटकेस आणि थोडं जास्तीचं इंधन. पण पातळ हवेत इंजिनाची ताकद घटलेली असते, प्रोपेलर कमी ओढतो, पंख कमी उचलतो. त्यात झोतांनी वेग खाल्ला की चढायला काही शिल्लक राहत नाही.

महाराष्ट्रात इतकी उंच विमानतळं नाहीत, म्हणून हा धडा आपल्यासाठी नाही असं कुणी समजू नये. पुण्याचं लोहगाव १,९४२ फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्याच्या दुपारी ४० अंश असेल तर फरक २९ अंशांचा. दर अंशाला १२० फूट मिळवायचे, म्हणजे ३,४८० फूट. बेरीज ५,४०० फुटांच्या पुढे जाते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी आपलं पठारही विमानाला शायेनच्या जवळपास नेऊन ठेवतं. बारामती, धुळे अशा ठिकाणी शिकणाऱ्यांनी हा हिशेब रोजच्या लोड अँड ट्रिम (वजन आणि समतोलाच्या) कागदावरच करावा. वजन अंदाजाने लिहू नका. माणसं आणि पिशव्या खरोखर काट्यावर उभ्या करा. एखाद्या पाहुण्याला वजन विचारायला संकोच वाटतो, तो बाजूला ठेवायचा.

निघायचं की नाही

हे गणित नसलं तरी मी याला सगळ्यांत जास्त वेळ देतो. एनटीएसबीने शायेनच्या अपघाताचं कारण सांगताना बिघडत्या हवामानात उड्डाणाचा निर्णय घेणं चुकलं असं म्हटलं, आणि त्याला हातभार लावणारी गोष्ट म्हणून अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक नोंदवलं. माध्यमांना दिलेले शब्दही त्या घाईला कारण झाले, हे त्या अहवालात आहे. त्याच वर्षी अमेरिकेत लहान मुलांच्या हाती विक्रमासाठी विमान देण्याविरुद्ध कायदा झाला. वर्गात मी आणखी एक बारीकसा तपशील सांगतो. त्या सकाळी इंजिन सुरू केलं तेव्हा नाकाच्या चाकाखालचा चॉक (चाक अडवणारी पाचर) काढायचाच राहिला होता. अनुभवी माणसाकडून असं होतं तेव्हा मन विमानात नसतं, ते पुढच्या मुक्कामाला पोचलेलं असतं. चेकलिस्टमधली एखादी साधी ओळ सुटल्याचं लक्षात आलं तर ती दुरुस्त करून तसंच पुढे जाऊ नका. इंजिन बंद करा, खाली उतरा, पाणी प्या आणि मग पुन्हा ठरवा.

आपल्या मुलांवर विक्रमाचा दबाव नसतो. तासांचा असतो. परवान्यासाठी २०० तास भरायचे आहेत, कर्जाचा हप्ता सुरू झालाय, विमान मिळायला आठवडा लागलाय, आणि आज नेमका वारा आहे. घरून रोज फोन येतो, "झाले का रे तास?" पालकांनी हे वाचलं तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तो प्रश्न विचारू नका. "आज हवा कशी होती?" असं विचारा. मुलगा किंवा मुलगी म्हणाली की वाऱ्यामुळे आज रद्द केलं, तर बरं केलंस म्हणा. ते एक वाक्य धावपट्टीवर तिच्या सोबत असतं.

ठरवण्याची माझी पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी, वारा नसताना, वहीत तीन आकडे लिहायचे : जास्तीत जास्त वारा, झोताचा जास्तीत जास्त फरक, जास्तीत जास्त क्रॉसविंड. सकाळी त्यातला एक जरी ओलांडला तरी उड्डाण नाही. सकाळी ते आकडे बदलायला मुभा नाही. वाढवायचे असतील तर पुढच्या दिवसासाठी, आणि इन्स्ट्रक्टरशी बोलून.

टॅक्सी : उड्डाण इथूनच सुरू होतं

बरेच छोटे अपघात धावपट्टीवर पोचण्याआधीच होतात. पंख वर असलेलं हलकं विमान वाऱ्याला छत्रीसारखं सापडतं. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो आहे, इतक्या वजनाची वस्तू मागून तिरक्या आलेल्या जोराच्या वाऱ्याने सहज कलंडते.

वारा समोरून तिरका असेल तर कॉलम (हातातलं सुकाणू) वाऱ्याच्या दिशेने वळवा, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) मध्यावर. वारा डावीकडून असेल तर डावीकडे वळवा : डावा एलेरॉन (पंखाच्या टोकाजवळची हलणारी पट्टी) वर जातो आणि वारा त्या पंखाला खाली दाबतो. वारा मागून तिरका असेल तर उलट : कॉलम वाऱ्यापासून दूर वळवा आणि पुढे ढकला, म्हणजे मागून येणारी हवा शेपटीखाली किंवा पंखाखाली शिरत नाही. प्रत्येक वळणावर वाऱ्याची बाजू बदलते, म्हणून प्रत्येक वळणावर हात बदलतात. मुलं पहिल्यांदा गोंधळतात. मी त्यांना हेडिंग इंडिकेटरवर (दिशा दाखवणाऱ्या तबकडीवर) वाऱ्याची दिशा बोटाने दाखवायला लावतो, मग हात आपोआप बरोबर जातात.

चालण्याचा वेग माणसाच्या चालीइतका ठेवा. मागून वारा असताना वळताना ब्रेक दाबू नका आणि एकदम पॉवर देऊ नका. याच दोन चुकांनी पंख टेकतो. वारा फारच असेल तर पंखापाशी एक माणूस चालत न्या, किंवा टॉवरला सांगून परत फिरा. परतताना लाज वाटू देऊ नका, कंट्रोलरला त्यात काहीच नवल वाटत नाही.

धाव

फ्लॅप शक्य तितके कमी. सेस्नाचं पुस्तकही जोराच्या क्रॉसविंडमध्ये धावपट्टीच्या लांबीला आवश्यक तेवढेच फ्लॅप घ्यायला सांगतं. फ्लॅप जास्त असले की विमान अर्धवट वेगातच हलकं होतं आणि चाकांवर नाचायला लागतं.

रांगेत आलात की सुटण्याआधी विंडसॉककडे शेवटची नजर टाका, टॉवरकडून ताजा वारा मागा, आणि कॉलम वाऱ्याच्या बाजूला पूर्ण वळवून ठेवा. पूर्ण म्हणजे टोकापर्यंत. धाव सुरू होताना एलेरॉनवर हवाच नसते, म्हणून तिथे अर्धं वळवणं म्हणजे काहीच न वळवणं. थ्रॉटल सावकाश, तीन-चार सेकंद घेऊन पुढे न्या. वेग वाढेल तसा एलेरॉनला जोर येतो, तसा कॉलम हळूहळू सैल सोडा, पण चाकं सुटेपर्यंत थोडा वाऱ्याच्या बाजूला राहिलाच पाहिजे. हात मध्यावर आणून ठेवणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. शांत दिवसाची सवय असते ती.

पाय स्वतंत्र काम करतात. शेपटीवर वारा लागला की विमान वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करू बघतं. त्याला मधल्या रेषेवर ठेवण्याचं काम रडरचं, म्हणजे पेडलने फिरणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या पट्टीचं. इथे एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्या विमानांचा प्रोपेलर वैमानिकाच्या जागेवरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे पूर्ण पॉवरला विमान आधीच डावीकडे ओढतं. वारा डावीकडून असेल तर दोन्ही ओढी एकाच बाजूला, आणि उजवा पाय पुरता कामाला लागतो. वारा उजवीकडून असेल तर त्या एकमेकींना अंशतः मारतात. म्हणून डावीकडचे १२ नॉट आणि उजवीकडचे १२ नॉट सारखे नसतात. उजवं पेडल टोकापर्यंत दाबूनही नाक डावीकडे जात असेल तर त्याचा अर्थ एकच : आजचा वारा या विमानाच्या शेपटीच्या ताकदीबाहेर आहे. थ्रॉटल मागे, उड्डाण रद्द.

नाक चाकावर नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ टेकवून ठेवा, पण दाबू नका. पुढच्या चाकावर सगळा भार आला की विमान हातगाडीसारखं डुलतं. ठरवलेला वेग आला की ठाम हाताने, एकाच हालचालीत नाक उचला. अर्धवट उचललं तर विमान बाजूला सरकत सरकत पुन्हा टेकतं, आणि तो आडवा मार चाकांचे पाय सहन करत नाहीत. एका तळावर मे महिन्याच्या दुपारी माझ्या डोळ्यांदेखत हेच झालं. चांगला हात असलेला विद्यार्थी होता. विमान दोन फूट उठलं, झोत ओसरला, ते वाऱ्याखालच्या बाजूला सरकत बसलं, एक पंख जमिनीला घासला आणि विमान गिरकी घेऊन गवतात गेलं. मुलगा स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्याने नाक नेहमीच्याच वेगाला उचललं होतं, आणि ब्रीफिंगमध्ये वेग वाढवायला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्या दिवसापासून तो आकडा मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो.

रद्द करण्याची खूणही आधीच ठरवून ठेवा. निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उचलण्याच्या वेगाचा सत्तर टक्के वेग आलाच पाहिजे. ६० ला उचलणार असाल तर ४२. नसेल आला तर थांबायचं. रद्द करताना थ्रॉटल पूर्ण बंद, रडरने सरळ, कॉलम वाऱ्याकडेच, आणि ब्रेक बेताने. रद्द केल्यावर हात मोकळे सोडणारे पुष्कळ पाहिलेत. वारा मात्र तेव्हाही वाहत असतो.

पहिले पाचशे फूट

चाकं सुटली की पंख सपाट करा आणि विमानाला स्वतःहून थोडं वाऱ्याकडे तोंड करू द्या. नाक वाऱ्याकडे, वाटचाल धावपट्टीच्या रेषेत, अशी खेकड्याची चाल. आता नजर वेगाच्या काट्यावर. झोतात चढताना नाक नेहमीपेक्षा किंचित खाली ठेवा आणि वेग थोडा जास्त. झोत आला की विमान उसळतं आणि माणूस हरखून नाक आणखी ओढतो. तो झोत परत जाणार आहे, हे विसरू नका.

आणि वळू नका. ५०० फुटांपर्यंत सरळ. शायेनची गोष्ट इथे पूर्ण होते. त्यांना समोरून २०-३० नॉटांचा वारा होता. तो समोर असेपर्यंत जमीन सावकाश सरकत होती. उजवीकडे वळल्यावर वारा पाठीशी येऊ लागला आणि जमीन वेगाने पळू लागली. जमीन पळते म्हणजे वेग भरपूर आहे, असं डोळे सांगतात. काटा सांगतो ते निराळंच असतं. एनटीएसबीने हीच शक्यता मांडली : पाठवाऱ्यात वळताना स्टॉलपासूनचं अंतर ओळखण्यात वैमानिकाची चूक झाली असावी, आणि चढ मंदावल्यासारखा वाटल्याने नाक आणखी उचललं गेलं असावं. त्यात वळणात स्टॉलचा वेग वाढतो. ४५ अंश कललं तर एकोणीस टक्क्यांनी, म्हणजे ४८ चा ५७ होतो. पाऊस काचेवर असताना, डगमगत्या विमानात, हा फरक अंगाला जाणवत नाही.

चढ होत नसेल तर नाक खाली करा. जमीन जवळ असताना नाक खाली करणं हाताला पटत नाही, म्हणून हे उंचावर, इन्स्ट्रक्टरबरोबर, पुन्हा पुन्हा गिरवा. वळायचंच झालं तर १५ अंशांच्या वर कलू नका आणि जमिनीकडे न पाहता काट्याकडे पाहा. उडाल्यावर वारा अपेक्षेपेक्षा वाईट निघाला तर त्याच धावपट्टीवर घाईने परतण्याची गरज नाही. उंची घ्या, स्थिर व्हा, वाऱ्याला समोर असलेली धावपट्टी किंवा जवळचा दुसरा तळ टॉवरला विचारा. वळवाचं वादळ तळावरून सहसा तासाभरात सरकतं, आणि टाकीत तेवढं इंधन राखून निघणं हा सकाळच्या नियोजनाचाच भाग आहे.

अपघात झालाच तर

विमान आपटणार हे कळलं तर शेवटच्या क्षणापर्यंत उडवत राहा. पंख सपाट आणि वेग शाबूत ठेवून शेतात शिरलेलं विमान माणसांना वाचवतं, स्टॉल होऊन पडलेलं सहसा नाही. वेळ असेल तर दारं उघडून ठेवा, म्हणजे चौकट वाकली तरी ती अडकत नाहीत. खांद्याचा पट्टा घट्ट हवाच, तो निघण्याआधीच तपासलेला असावा.

थांबल्यावर इंधनाचा खटका बंद, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) मागे, मॅग्नेटो (ठिणगीचा खटका) बंद, मास्टर स्विच बंद, आणि बाहेर. वाऱ्याच्या वरच्या बाजूला पळा, म्हणजे आग लागली तर धूर आणि ज्वाळा तुमच्याकडे येत नाहीत. बॅग, टॅब्लेट, लॉगबुक यांच्यासाठी आत परत जाऊ नका. मार लागलेला दिसत नसला तरी सगळ्यांना डॉक्टरांकडे न्या. मानेची आणि पोटातली दुखापत तासाभराने बोलते.

गावकरी धावत येतील आणि मनापासून मदत करतील. त्यांना दोनच गोष्टी सांगा : जवळ कुणी विडी-काडी पेटवू नका, आणि माणसं बाहेर काढण्यापलीकडे विमानाला हात लावू नका. भारतात अशा अपघाताची खबर एएआयबी (विमान अपघातांचा तपास करणारी संस्था) आणि डीजीसीए (नागरी उड्डाणाचं नियामक कार्यालय) यांना शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत द्यावी लागते, आणि परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत. थ्रॉटल, फ्लॅप, मिक्श्चर ज्या जागी असेल त्याचा फोटो काढून ठेवा. पंचनामा होईपर्यंत तिथे एक माणूस बसवा. रात्र व्हायच्या आत, कुणाशी चर्चा करण्याआधी, जे आठवतं ते स्वतःच्या हाताने लिहून काढा : वारा किती सांगितला होता, विंडसॉक कसा होता, नाक किती वेगाला उचललं, पाय कुठे होते. दुसऱ्या दिवशी चार जणांशी बोलल्यावर आठवण बदलते, आणि तपास करणाऱ्याला बदललेल्या आठवणीचा उपयोग नसतो.